तुझ्या मापाची सोबतीण

विशू,

तुझं धड अजून माझ्या खोलीत उभं आहे. खिडकी आणि कपाटाच्या मधे, तू ठेवलंस तिथेच. डोकं नाही, हात दंडापर्यंत आणि कमरेखाली जुन्या उभ्या पंख्याचा पाय. आईने त्याच्यावर चादर टाकली आहे. टाकली म्हणजे लांबून फेकली. चादर टाकल्यापासून ते जास्तच तुझ्यासारखं दिसतं, पण हे तिला सांगायची सोय नाही.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंतरी होईल. पण हौसेने वेश करणाऱ्या पुष्कळांच्या घरी असं धड असतं. जुना टी-शर्ट घालून हात पसरून उभं राहायचं, मैत्रिणीने वरून रुपेरी चिकटपट्टी गुंडाळत जायचं, मग पाठीवरून कात्रीने चिरून माणूस बाहेर काढायचं आणि आत कापूस ठासायचा. झालं आपल्या मापाचं धड. त्यावर कपडा बेतायचा, टाचण्या टोचायच्या, आपण आरामात चहा प्यायचा. तुला मी गुंडाळलं होतं. तू सबंध वेळ बडबडत होतीस आणि मी ओरडत होते की गप्प उभी राहा, छाती हलतेय. तुझा डावा खांदा जरा खाली उतरतो हे इतक्या वर्षांच्या मैत्रीत मला त्या दिवशी कळलं. धडाचाही उतरलेला आहे.

सकाळी मी ऑफिसला निघते तेव्हा तो खांदा खिडकीकडे असतो. परत येते तेव्हा कपाटाकडे. तू असतीस तर म्हणाली असतीस, कापूस ओलावा धरतो, कुठे फुगतो, कुठे बसतो, मुलुंडला खाडीचा दमट वारा येतो, त्यात काय एवढं. बरोबर आहे. आईला मात्र हे पटत नाही. तिचं माहेर आणि सासर दोन्ही कोकणातलं, आणि भुतांच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. "गेलेल्या माणसाचा आंग घरात ठेवतत काय गो?" असं रोज एकदा तरी विचारते. तुझं एवढंच उरलंय, ते कुठे नेऊन ठेवू?

तुझ्यावर लिही असं आपल्या ग्रुपवर सगळे म्हणाले. तू किती गुणी होतीस, किती हसरी होतीस, तेच लिहायचं असेल तर कोणीही लिहील. तू हसरी होतीस, पण हट्टी जास्त होतीस. अंधेरीला चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकाचं आणि कानांचं माप घ्यायचीस आणि तोच धंदा आमच्यावर करायचीस. पहिल्या भेटीत माझ्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणालीस, "तुझा चेहरा छान आहे, पण झाकला तर झकास दिसेल." तिथून आपली मैत्री.

आपण आधी कॉस्प्लेवाल्या. म्हणजे पात्राचे कपडे चढवायचे, फोटो काढायचे, घरी यायचं. मग तू मला लार्पमध्ये ओढलंस, तिथे कपडे चढवून भागत नाही, दिवसभर ते पात्र होऊन वागावं लागतं. नवीन पोरं ग्रुपवर विचारायची, ताई, भुताचा मेकअप कसा करू. तू म्हणायचीस, मेकअप राहू दे, आधी चप्पल बदल. भीती चेहऱ्याची वाटत नाही, चालीची वाटते. नव्या कपड्याला कोणी घाबरत नाही, म्हणून पांढरा कपडा चहाच्या पाण्यात बुडवायचा, गच्चीवर वाळवायचा आणि मग तो घालून एक दिवस घरकाम करायचं, म्हणजे सुरकुत्या बरोबर अंगाच्या जागी पडतात. मुखवट्याला तोंड नको. डोळ्यांची भोकं मोठी ठेवून आतून काळी जाळी लाव, तुला दिसेल, समोरच्याला तुझे डोळे दिसणार नाहीत. किणकिणणारं अंगावर काही नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुखवटा चढवायच्या आधी पाणी पी आणि जवळ एक माणूस ठेव, कारण मुंबईत भुतालाही घाम येतो. यातलं एकेक वाक्य आता तुझ्या आवाजात ऐकू येतं आणि माझी सुई थांबते.

सोबतीण, आपल्या खेळातली भुतीण, तुझीच. कोणत्या कथेतली नाही, कोणत्या पडद्यावरची नाही, तू घाटकोपरला तुमच्या स्वयंपाकघरात बसून रचलेली. ती कोणाच्या मागे लागत नाही, किंचाळत नाही, बोलत तर मुळीच नाही. खेळात कोणी एकटं चालायला लागलं की ती शेजारून चालायला लागते. बस, एवढंच. वळून तिच्याकडे पाहिलं की तुम्ही खेळातून बाद. मी म्हटलं, यात घाबरण्यासारखं काय आहे? तू म्हणालीस, एकदा चालून बघ.

तिच्यासाठी तू बूट केलेस. उजव्याचा तळ जाड, डावा पातळ. ते घातले की कोणाचाही डावा पाय जरा ओढत पडतो. लहानपणी जिन्यावरून पडून तुझा पाय मोडला होता आणि तेव्हापासून तू अशीच चालायचीस, हे मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलंस. शाळेत पोरी चिडवायच्या म्हणून तू चपलेत जाड पट्टी घालायला लागलीस आणि ती चाल लपवून टाकलीस. लपवलेली चाल तू सोबतिणीला दिलीस. मी तुझ्याकडे बघतच राहिले आणि तू लगेच विषय बदललास.

आपलं एक भांडण राहिलंय, ते आठवतं का? मला माझ्या आजोबांचा कोट घालून खेळायचं होतं, गिरणीतला, कोपरावर ठिगळ लावलेला. त्यांच्यासारखं खाकरायचं, त्यांच्यासारखं बसायचं, सगळं मला येत होतं. तू साफ नाही म्हणालीस. आपल्या टोळीत ओळखीचं गेलेलं माणूस अंगावर घ्यायचं नाही, असा तू नियमच करून टाकलास. मी चिडले. तू तर घरापासून भूतबित न मानणारी. देव्हारा नाही, अंगारा नाही, तुमच्याकडे बुद्धवंदना आणि वाचन. मग तुला कशाची भीती? तू जे म्हणालीस त्याच्यावर मी अजून भांडतेय. "भूत नसतं गं. पण चाल असते. ती अंगात घेतलीस तर तुझी चाल कुठे ठेवशील?" मी म्हटलं, हे काय उत्तर झालं. तू पाणीपुरी खायला गेलीस.

आणि मग तो साडीचा घोळ. तू ट्रंकेतून काकूंची, म्हणजे तुझ्या आईची, जुनी पांढरी साडी काढलीस असं तुला वाटलं. चहात बुडवलीस, पदर फाडलास, धडावर चढवून टाचलीस. ती जुनी नव्हती. ती काकूंची वंदनेला नेसायची साडी, तुझ्या बाबांनी नागपूरहून आणलेली, बाबा गेल्यापासून त्यांनी जपून ठेवलेली. दोन्ही साड्या एकाच कागदात गुंडाळलेल्या. उलगडून काठ बघितला असतास तर कळलं असतं, पण तू सुई हातात घेतलीस की डोळे मिटूनच घ्यायचीस. काकूंनी ती धडावर बघितली. त्या काय म्हणाल्या ते तू मला रिक्षातून उतरता उतरता सांगितलंस. "माझ्या वंदनेच्या साडीचं भूत केलंस. ही सोंगं घेऊन जा इथून, तुझ्यासकट." एका हातात धड, दुसऱ्या हातात बुटांची पिशवी, मुखवटा गळ्यात. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला घाम फुटला होता.

त्या बोलल्या ते रागात बोलल्या, हे तुला कळत होतं. चूक तुझी होती, हेही कळत होतं. तरी तू फोन केला नाहीस. आमच्याकडे राहिलीस, साडी शिवत बसलीस, फाडलीच आहे तर पूर्ण करते म्हणालीस. ताप आला तरी शिवत होतीस. मग तो ताप उतरेचना आणि हॉस्पिटल. काकू धावत आल्या. तू मला जवळ बोलावून म्हणालीस, "आई आली तर झोपलेय म्हणून सांग." तू जागी होतीस. मी बाहेर जाऊन सांगितलं, झोपलीय काकू. त्या बाकावर बसून राहिल्या. मला खोटं बोलायला लावलंस आणि नंतर खरंच झोपलीस, विशू. याचा मला इतका राग आहे की रडताना सुद्धा आधी तोच येतो.

तुझ्या मागे खेळ रद्द करावा असं मी म्हटलं होतं. पण मालाडचा आपला रोहन, जो सगळे खेळ मांडतो, तो म्हणाला की तिने शेवटचं जे शिवलं ते एकदा तरी चालायला पाहिजे. सगळ्यांचं तेच मत पडलं. उंची माझी तुझ्याएवढी. मी नियमाची आठवण करून दिली. रोहन म्हणाला, सोबतीण हे पात्र आहे, विशू नाही. मला ते पटलं नाही, पण मोडताही आलं नाही. खरं म्हणजे मला ती साडी नेसायची होती.

आरेच्या जंगलात पाड्याच्या अलीकडे ओळखीच्या एका दादांची मोकळी जागा आहे, एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला गोठा आणि फाटक, तिथेच खेळ ठेवला. बिबट्याच्या धास्तीने अंधार पडायच्या आत सगळ्यांनी रस्त्याला लागायचं, हे नेहमीचंच ठरलेलं. साडी तुझ्या धडावर शिवलेली, त्यामुळे माझ्या डाव्या खांद्यावरून ती सारखी घसरत होती. शेवटी मी खांदा तसाच खाली ठेवला, तेव्हा कुठे ती बसली. बुटांनी पाय ओढला. मुखवट्यातून सगळं राखाडी दिसतं. चार पावलांतच मला कळलं की मी काही करत नाहीये. वेशच मला चालवतोय. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. उलट बऱ्याच दिवसांनी तुझ्याजवळ असल्यासारखं वाटलं, आणि मी तुला मनातल्या मनात थँक्यू म्हटलं.

मी पूर्ण वेळ विहिरीच्या बाजूला होते. खेळ संपल्यावर मुखवटे काढून सगळे डबे उघडून बसले, तेव्हा रोहन मला म्हणाला, गोठ्याकडे मस्त केलंस यार, माझी वाट लागली होती. मी म्हटलं, गोठ्याकडे कोण गेलं? तो म्हणाला, मी एकटा निघालो आणि तू शेजारून चालायला लागलीस, एक पाऊल जड, एक ओढलेलं, थेट फाटकापर्यंत. मी नव्हते, असं मी सांगितलं. तो हसला. वळून बघितलं नाही म्हणून वाचलो, म्हणाला. मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसायचं थांबला. बसमध्ये तो माझ्या शेजारी न बसता पुढे जाऊन बसला.

कोणीतरी माझा लांबून व्हिडिओ काढला होता. झाडांमधून चाललेली पाठमोरी सोबतीण. तो फिरत फिरत काकूंच्या फोनवर पोचला. त्यांचा मला फोन आला तेव्हा मी कामावर होते. व्हिडिओ कधीचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रविवारचा. मग म्हणाल्या, त्यात विशाखा आहे. मी म्हटलं, मी आहे ती, काकू.

"तू कशी? माझ्या पोरीची चाल मला कळत नाही होय? लहानपणी ती अशीच चालायची."

बूट कसे केले, तळ जाड कसा, हे मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. आणि म्हणाल्या, तेच घालून एकदा घरी ये. साडी माझी आहे, मला बघायची आहे.

नाही म्हणायला माझ्याकडे पन्नास कारणं होती. तुझा नियम होताच. आईला कळलं असतं तर तिने मला उंबरा ओलांडू दिला नसता. आणि काकूंना साडी बघायची नव्हती, हे मला फोनवरच कळलं होतं. पण हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या काकू मला दिसत होत्या. मी झोपलीय म्हटल्यावर त्यांनी मान हलवून पदर तोंडाला लावला होता. त्या बाईला दुसऱ्यांदा दारातून परत कसं पाठवायचं? मी सुटीच्या दिवशी दुपारी गेले.

घाटकोपरचं तुमचं घर तसंच आहे. मूर्तीपुढे मेणबत्ती, त्याच्या बाजूला तुझा फोटो, अजून नवा. काकूंनी चहा विचारला नाही, पाणी विचारलं नाही. मोरीत जाऊन बदलून ये, म्हणाल्या. मी साडी नेसले, बूट घातले, मुखवटा चढवला, मागची गाठ बांधली. बाहेर आले तर त्यांनी दार लावून घेतलं होतं आणि पलंगावर पाय खाली सोडून बसल्या होत्या. दारापासून ओट्यापर्यंत चाल, असं त्यांनी हाताने सांगितलं. मी चालले. खोली केवढीशी, पण त्या बुटांनी ती संपता संपेना. जड पाऊल, ओढलेलं पाऊल. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, पायांकडे बघत होत्या. मी ओट्यापाशी पोचून वळले आणि उभी राहिले.

त्यांनी पहिल्यांदा मुखवट्याकडे बघितलं. रडत नव्हत्या. भाजीवाल्याला भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं.

"माझ्यावर राग धरून गेलीस का गं?"

विशू, मला उत्तर माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं. तू रागावलेली होतीस, जागी होतीस आणि भेटली नाहीस. हो म्हणून मान हलवावी तर ती बाई तिथेच कोसळेल. नाही म्हणून हलवावी, तर तुझ्या साडीत, तुझ्या बुटांत, तुझ्या खांद्याने मी तुझ्या आईशी खोटं बोलणार. एकदा बोलले होते तुझ्या सांगण्यावरून. या वेळी सांगायला तू नव्हतीस. मी ठरवलं, हलायचंच नाही. सोबतीण बोलत नाही, उत्तर देत नाही. मान ताठ धरली, दात आवळले, हात साडीत घट्ट धरून ठेवले.

जाळीतून मला समोर खिडकी दिसत होती. ती उजवीकडे सरकली. मग भांड्यांची मांडणी दिसली, तीही सरकली. पुन्हा खिडकी आली. मला वाटलं मला चक्कर येतेय, पाणी न पिता मुखवटा घातलाय. मुखवट्याची कड माझ्या गळ्यावर एकदा या बाजूला घासली, एकदा त्या बाजूला. सावकाश.

काकूंनी मोठा श्वास सोडला. मग उठून माझ्या मागे आल्या आणि गाठ सोडायला लागल्या. "काढ आता ते, मनाली. घामाने भिजली असशील." मुखवटा निघाला तेव्हा बाहेरची हवा तोंडावर आली आणि मी रडायला लागले. त्यांनी मला पलंगावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, साडीच्या फाटक्या पदरानेच माझं तोंड पुसलं. पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तुझी आई मला इतक्या जवळ घेऊन कधी बसली नव्हती.

"मान तूच हलवलीस, कळतं मला," त्या म्हणाल्या. "आपण असलं काही मानत नाही. तरी बरं वाटलं गं."

मी पाणी संपवलं, तांब्या त्यांच्या हातात दिला आणि बूट काढायला वाकले.

विशू, मी मान हलवली नव्हती.